बोगद्याला पाणी नको

१९९९ साल. बारामतीच्या एसटी स्टँडवर मी पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर काटेवाडीचे विहिरी खणणारे धोंडीबा, त्यांची बायको साखरबाई आणि दिल्लीला निघालेली त्यांची इंजिनिअर लेक सुकन्या.

“जमिनीखालनं रेल्वे न्यायची, म्हंजी बोगद्यात तू सवता उतरणार?”

“व्हय आबा. कामच हाय माजं.”

“बाईमाणसानं खणत्या कामात उतरू नये. पाणी लागत न्हाय.”

“ह्यांनी मलाबी हेच सांगितलं, सुके. जलमभर काठावर उभी राहून दगडाच्या पाट्या वढल्या म्या. एका विहिरीत उतरू दिलं न्हाय.”

“मग? आपल्या समद्या विहिरींला पाणी लागलं का न्हाय?”

“पण आबा, बोगद्यात पाणी लागलं तर कामच बुडंल. तितं पाणी लागूच नये, म्हणून तर सगळी धडपड.”



“बोला की आता!”

“आसं हाय व्हय? मग उतर बाई. रोज उतर.”

“सुके, माजंबी तिकीट काढ.”

“तू कशाला?”

“येवढी मोठी दिल्ली. एकली पोरगी उतरून कसं भागंल?”