सिंगल फेजचं शेवटचं गाणं

नाही, नाही, ती शाल परत घेऊन जा, बाळासाहेब — नारळही न्या आणि ते काचेचं सन्मानचिन्हही न्या — विसरून राहिलं नव्हतं काही, मी मुद्दाम खुर्चीवर ठेवून आलो. बसा. रागावलोय, पण बसा. चहा मात्र मिळणार नाही, चहा करणारं माणूस आज माझ्याशी बोलत नाहीये. हसू नका. तुम्हाला वाटतंय म्हातारा उगाच चिडलाय — असेनही, आयुष्यभर मला चिडल्यावर लगेच शंका येत आलीय की आपलंच काही चुकलं की काय — पण आज शंका नाही. काल सुदर्शनच्या बटाट्याच्या गोदामात तुम्ही जे केलंत ना, तो अडाणीपणा होता. होय, तोंडावर सांगतो. उत्सव समितीचे अध्यक्ष असाल, जत्रेचा माइक वीस वर्षं तुमच्या हातात असेल, पण ही जत्रा नव्हती!

काय सुंदर चाललं होतं सगळं! मी तर घाबरतच गेलो होतो. गोदाम ते, कोपऱ्यात गोण्यांची थप्पी, वरून वायरी लोंबतायत — मी सकाळी जाऊन सुदर्शनला विचारून आलो होतो, बाबा रे, आग विझवायचं नळकांडं कुठंय, आणि संध्याकाळी खिशात कापूस घेऊन गेलो, कानात घालायला. आधी पुण्याची पोरं, मग नाशिकची, मग आमच्या प्राचीचा बँड — नात आहे म्हणून म्हणत नाही — पण आपल्या निरगुडसरमध्ये असं कधी झालंय? तमाशा झाला, भजन झालं, ऑर्केस्ट्रा झाला, पण पोरांनी स्वतः लिहिलेली गाणी, कुणाची नक्कल नाही — आणि गोदाम भरलं! मंचरच्या कॉलेजची मुलं, घोडेगावची, वस्तीवरच्या बायका पोरांना कडेवर घेऊन. पहिला ठोका पडला आणि वरचा पत्रा थरथरला, त्याबरोबर आढ्यातली पाखरं उडून बाहेर. मी कापूस घातला कानात — आणि थोड्या वेळानं काढला. मीच काढला, कुणी सांगितलं नाही. आणि रखमाजी! एरवी त्याच्या कानाशी जाऊन ओरडावं लागतं, तो स्पीकरवर पंजा ठेवून उभा. मी हातानं खुणावलं, रखमाजी, मागं हो, त्रास होईल. तर म्हणतो, "न्हाई ओ सर, कानानं काय ऐकू येत न्हाई, पर छातीत वाजतंय. लई दिसांनी आत कायतरी वाजतंय राव." आणि नाचायला लागला, धोतराचा सोगा हातात धरून! कॉलेजच्या पोरींनी त्याच्याभोवती कडं केलं. सगळं गोदाम उड्या मारत होतं, बाळासाहेब, जमीन हलत होती पायाखाली, मी — मीसुद्धा पाय आपटत होतो, कुणी पाहिलं नसेल तर बरं.

आणि तुम्ही माइक घेतलात. गाणं संपायचं तरी थांबायचं! तो पुण्याचा मुलगा डोळे मिटून गिटारवर वाकलेला, आणि तुम्ही मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून — "हॅलो, हॅलो, आत्ताच आपल्यामध्ये डेअरीचे चेअरमन यांचं आगमन झालेलं आहे" — अहो, आगमन झालं तर बसू दे की त्यांना! सत्कार कशाला? चेअरमनचा सत्कार, माजी सरपंचांचा सत्कार, मंडपवाल्याचा सत्कार, मग म्हणालात, कलाकारांचाही झाला पाहिजे, आणि त्या नाशिकच्या ड्रमवाल्याला फेटा बांधलात. त्या पोराला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यानं तो काढला नाही, मग फेटा सुटून डोळ्यांवर आला आणि तो तसाच आंधळ्यासारखा बडवतोय — लोक हसले, हो, मीही हसलो, ते बरं दिसलं उलट — पण मुद्दा तो नाही. मुद्दा वेळेचा आहे. नऊला भागूचा टेम्पो निघणार, हे आधीपासून ठरलेलं. उसातून वस्तीवर अंधारात पायी कोण जाणार आता? बिबट्या काय तुमचं भाषण संपायची वाट बघत थांबणार आहे? एकच टेम्पो, एकच फेरी, भागूनं हॉर्न दिला की बायका-पोरं उठणार, हे तुम्हाला ठाऊक होतं, तुम्हीच ठरवलंत! आणि ठाऊक असून शाल-नारळ, शाल-नारळ, शाल-नारळ. आणि नाव काय पुकारलंत, तर "प्राची आणि पार्टी". पार्टी! सिंगल फेज म्हणतात त्या बँडला. बॅनरवर लिहिलं होतं तुमच्या डोक्याएवढ्या अक्षरांत.

तीन गाणी होती पोरीची. तीन. दोन झाली आणि तिसऱ्याआधी तुम्ही पुन्हा उभे. पुन्हा! तिला मी शब्द दिला होता. परवा ती म्हणाली, "आजोबा, आमचं शेवटचं गाणं तुम्ही पुढं बसून ऐकायचं. मागं नाही. पुढं." काय आहे त्यात, विचारलं तर सांगेना. आणि त्या पोरी आता पुन्हा एकत्र वाजवणार नाहीत — ती ड्रम वाजवणारी श्रेया जर्मनीला शिकायला चाललीय, प्राची बंगळूरला नोकरीला, म्हणून तर शेवटचा कार्यक्रम आपल्या गावात घ्यायचा म्हणून महिनाभर धडपडत होती. आणि तुम्ही त्याचा विचका केलात, कशासाठी, तर सत्कारासाठी. कोण मागत होतं सत्कार?

काय? माझा? — हो, माझाच होता तो, मग? मी मागितला होता का? तुम्ही भर गोदामात नाव पुकारलंत, "आपल्या गावचं भूषण, ध्वनिशास्त्राचे डॉक्टर", आता लोकांसमोर काय नाही म्हणणार? मला कल्पनासुद्धा — बरं, सकाळी सांगितलं होतंत. सांगितलं होतंत, मान्य. पण मी नको म्हटलं होतं. नव्हतं म्हटलं? मी म्हटलं, "बघू." बघू म्हणजे नकोच असतं. कोट? कोट मी थंडीसाठी घातला होता. थंडी नव्हती असं तुमचं म्हणणं. असेल. म्हाताऱ्या माणसाला वाजते.

आणि चेअरमन बोललेच की. दोन शब्द म्हणाले आणि — हो, दोनच बोलले, बसले. मी जरा जास्त बोललो असेन. विषयच तसा होता. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं की मी संगीतातला अधिकारी माणूस नाही — ऐकलंत ना तुम्ही? — फक्त ड्रमचं कातडं कसं कंप पावतं एवढंच सांगतो म्हटलं, आणि मग ओघात ओझरच्या देवळातला नगारा आला, मग मँचेस्टरला मी राहायचो तिथलं ते तळघर आलं, तिथंही अशीच पोरं वाजवायची, मग मूळ मुद्द्याकडे परत यायला हवं होतं — येतच होतो मी, बाळासाहेब! लोक ऐकत होते. टाळ्या पडल्या मध्ये. दोनदा पडल्या. — कशासाठी? मला थांबवायला? नाही हो. नाही. पोरं टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या — मला वाटलं, नगाऱ्याचं आवडलं त्यांना. म्हणून तर मी ते जरा सविस्तर — तुम्ही कोट ओढलात ना मागून? ओढलात. कळलं होतं मला. मला वाटलं शालीचं टोक अडकलंय कुठंतरी. म्हणजे तसं वाटलं असं मी ठरवलं.

आणि प्राची माझ्या मागंच उभी. गळ्यात गिटार अडकवून. मी तिच्याकडे पाठ करून बोलतोय, तिच्याच माइकवर. भागूचा हॉर्न वाजला तो मी ऐकला, बाळासाहेब, खोटं कशाला बोलू, पहिलाच ऐकला, आणि वाटलं, एवढं एक वाक्य पुरं करू. वाक्य कुठलं होतं तेही आठवत नाही आता. बायका उठल्या, पोरांना उचललं, रखमाजीला कुणीतरी हाताला धरून नेलं, तो मागं वळून वळून बघतोय. खुर्च्या उरल्या. मी वळलो तर ती गिटारची पिन काढत होती. म्हणाली, "राहू द्या, आजोबा." रागावली असती तर मी काहीतरी बोललो तरी असतो. नुसतं राहू द्या. एवढंच. सकाळपासून तेवढंसुद्धा नाही. मागच्या दारी सुदर्शनच्या जीपमध्ये सामान चढवतायत ती आणि श्रेया, आणि मी इथं ओसरीवर तुमच्यावर ओरडतोय.

काय म्हणालात? — तुम्ही ऐकलंत? ते गाणं? कधी? दुपारी, तालमीला. कोण कोण होतं? — सगळेच. म्हणजे रखमाजीपण. भागूपण. आणि मी — मी घरीच होतो. थोडं वाचत होतो. मुद्दे काढत होतो, हो, तुम्ही पुकारणार होतात ना, मग काढायला नकोत? ती बोलवायला आली होती दारापर्यंत, "येताय का, आजोबा?" मी म्हटलं, तू हो पुढं, मी कामात आहे.

काय होतं हो त्यात?

कोंबड्या? कसल्या कोंबड्या? — नाही. थांबा. उज्ज्वलाची हाक? दिवेलागणीची? ती-ती-ती-ती करत परड्यात उभी राहायची ती — आणि ती एक तांबडी कायम मागं राहायची, सगळ्या खुराड्यात गेल्या तरी हिचा पत्ता नाही, मग उज्ज्वला आवाज चढवून — "आलीस का गं, भवाने!" — तेच? तेच आहे धृपद? "आलीस का गं, भवाने"? तेव्हा प्राची एवढीशी होती हो, सुट्टीला यायची, तिच्या लक्षात कसं — उज्ज्वलाला जाऊन चौथं वर्ष, मीसुद्धा ते — आणि सगळं गाव ते ऐकून आलं. तुम्ही ऐकलंत. भागूनं ऐकलं. माझ्याच बायकोची हाक, आणि मी —

नको! म्हणून नका दाखवू. गप्प बसा, बाळासाहेब, तुमच्या आवाजात नको मला ते. चढा सूर असा नव्हता तिचा, तुम्ही लिलाव पुकारल्यासारखं करताय.

मी विचारू? प्राचीला? गाऊन दाखव म्हणून? मला माहीत आहे मी काय करतो. मी जाऊन आधी प्रस्तावना करीन, मग माझं कसं चुकलं ते समजावून सांगीन, मग त्यात तुमचं कसं चुकलं ते येईल, आणि ती पुन्हा गिटार धरून उभीच — गाडी सुरू झाली का ती? मागची. जीपच आहे ना? अहो, मग उठा! दारातून बाजूला व्हा. माझ्या चपला — राहू देत चपला — बाजूला व्हा म्हणतोय ना, बाळासाहेब, जा घरी! प्राची! प्राची, थांब! बोलणार नाही मी. एक शब्द बोलणार नाही —