फक्त तुमच्या मशीनपुरती एक ओळ

नाही नाही, तो कागद साहेबांच्या टेबलावर नका ठेवू, आधी इकडे द्या — आणि बसा हो, गोदामातून एवढे जिने चढून आलात, धाप लागलीय तुम्हाला. बसायचं नाही? बरं, राहा उभे. तक्रार माझ्याच पार्सरची आहे ना, मग मलाच वाचू द्या. हं… ‘बरोबर लिहिलेल्या क्वेरीवरसुद्धा मशीन चूक दाखवते.’ अशक्य! अहो, मी लिहिलाय तो पार्सर! तुम्ही डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, टाइप करायचा, त्याने तो शब्द-शब्द वाचायचा आणि अडखळला की तिथे लाल रेघ मारायची, एवढंच त्याचं काम. आता चूक तिथेच असते असं नाही हं — कॉमा तुम्ही विसरता पहिल्या ओळीत आणि तो बोंबलतो तिसऱ्या ओळीत. म्हणून तो ओरडतो तिथे नाही, त्याच्या जरा आधी बघायचं. झालं समाधान? मग फाडते हा कागद. बरं बरं, नाही फाडत, हात सोडा!

कॉमाच विसरला असाल तुम्ही. नेहमी विसरायचात. कंस उघडायचा आणि तसाच टाकून चहाला जायचं, घरात दार उघडं टाकून जातात तसं — काय? मला कसं माहीत? अहो, या रंगाच्या कारखान्यातली प्रत्येक चूक माझ्या स्क्रीनवर येते, पगार कशाचा घेते मी? माणसाला न दुखवता त्याची चूक त्याला सांगायची, हेच तर माझं काम. हिशेबवाले काय लिहितात माहितीये? शिव्या! खरंच, क्वेरीत शिव्या टाइप करतात, आणि पार्सर बिचारा सांगतो, हा शब्द ओळखीचा नाही. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी काय लिहिलंत? ‘कृपया हिरव्या रंगाचे डबे दाखव.’ मशीनला कृपया! आमची टेस्टिंगवाली हसून हसून खुर्चीवरून पडायचीच बाकी होती. मी नाही हसले. म्हणजे हसले, पण वेगळं. आणि त्याच संध्याकाळी पार्सरला शिकवून ठेवलं, की सुरुवातीला कृपया आलं तर चालवून घे बाबा. साहेबांना नाही सांगितलं. सांगायचं काय त्यात? तुमच्याशिवाय दुसरं कोण म्हणतंय इथे कृपया!

आणि मग तुम्ही सुधारलात. कोणी सांगितलं होतं सुधारायला? कॉमा जागच्या जागी, कंस बंद, कृपया गायब. आणि बरोबर लिहिणाऱ्या माणसाची मला खबरच लागत नाही हो — बरोबर क्वेरी परस्पर निघून जाते, माझ्याकडे फक्त चुका येतात. सकाळी येऊन बघावं तर हिशेबवाल्यांच्या शिव्या तेवढ्या, गोदामातून काही म्हणजे काही नाही. माणूस आजारी आहे, की नोकरी सोडून गेला, की — ताई फोनवर म्हणाली, अगं, तुझा आवाज असा का येतोय? मी म्हटलं, गोदामातल्या चुका थांबल्यात. तर म्हणते, मग चांगलंच आहे की! कपाळ तिचं.

म्हणून मग मी… नाही, काही नाही. काय? शेजारच्या मशीनवर चालते? हीच क्वेरी? करून पाहिलीत तुम्ही? आणि फक्त तुमच्याच मशीनवर येतं, ‘प्रश्न बरोबर आहे, पण आज कृपया म्हटलं नाहीत’? हो, आता असे रोखून नका बघू. घातलीय एक ओळ मी. एकच! तुमच्या मशीनपुरती. मला वाटलं, चिडाल, पुन्हा कृपया लिहाल, चिडून कॉमा-बिमा विसराल, निदान खाली आहात एवढं तरी कळेल मला. ट्रक दारात उभा आहे हे मला कुठे ठाऊक होतं! मग? अंदाजाने चढवलेत डबे? हिरव्याऐवजी कुठला गेला — गुलाबी? कुठे? पोलीस चौकीला? अख्खी चौकी गुलाबी? अगं बाई! अहो, हसताय काय, माझ्या तोंडचं पाणी पळालंय इथे.

ठेवा, ठेवा तो कागद साहेबांच्या टेबलावर. मला काढतील, बाहेरून नवीन पार्सर आणतील, तो ‘ओळ एक, चूक’ एवढंच म्हणेल आणि गप्प बसेल. तुमचे डबे तुम्हाला वेळेवर मिळतील. आणि मला तुमची आठवण येईल — घ्या, बोलून बसले. आता जा तुम्ही. जा ना! अहो, माझ्या कीबोर्डला हात नका लावू, सरका — काय टाइप करताय? क… कृपया. पुढे? पुढे काहीच नाही? असा एंटर मारायचा नसतो हो, नुसत्या कृपयाला तो काय उत्तर देणार, असं कोणी लिहील असं माझ्या डोक्यातही — थांबा, दिला मेसेज त्याने. ‘ओळ एक: कृपया मिळालं. पुढे काय हवं आहे?’

…

काय गं टेस्टिंगवाले, दारात काय उभी राहिलीस? साहेबांना सांग, तक्रार-बिक्रार काही नाहीये. आणि जाताना दार ओढून घे.