पोलिसांचं वायफाय

मला भित्री म्हणता ना, मग आमच्या उदगीरच्या गल्लीतलं ऐका. आमच्या वायफायला पासवर्ड नव्हता आणि निम्मी गल्ली त्यावरच. कुणी काही भलतंसलतं केलं तर पोलीस पप्पांना धरतील, या धास्तीनं माझी झोप उडाली. पप्पा मात्र म्हणाले, "शेजाऱ्यांना नळाचं पाणी देतो आणि नेटला कुलूप? बरं दिसतं का ते?"

मग मी गुपचूप वायफायचं नाव बदलून 'सायबर पोलीस' ठेवलं. आता कुणी हात लावणार नाही, म्हणून निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या महादेवीकाकू दारात. "पोरी, गल्लीत पोलिसांचं फुकट नेट आलंय की. तुमच्या नेटवर बँकेचं करायला लई भ्या वाटायचं बघ. आता सगळं बिनघोर करायलोत."