मागच्या फाळक्यावरची सांज

राम राम मंडळी. आबा, तात्या, कमलवैनी, समद्या आयाबहिणी. माझ्या शेडात आज सतरंज्या पुरल्या न्हाईत, काहीजण ट्रॉल्यांच्या चाकाला टेकून उभी हायत, त्याची माफी मागतो. बोलायला मला सांगितलंय. मी दत्तू मिस्त्री, उसाच्या ट्रॉल्या बनवतो. माइक कधी हातात धरला न्हाय, हातात कायम वेल्डिंगचा दांडा. कालपासनं काय बोलायचं ते मनात जुळवतोय आन जुळत न्हाय. तवा शब्द हिकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. पण मी थोडक्यात आवरणार न्हाय. तुमी घड्याळ बघू नका. घड्याळ मी बघतो. सूर्य त्या चिंचेला टेकला की मी थांबणार, कारण अंधार पडायच्या आत एक काम उरकायचं हाय.

बिरा पेंटरला जाऊन आज तेरा दिवस झालं. भवानीनगरकडनं इंदापूरला येत व्हता. दिवेलागणीची वेळ. रस्त्यात मोकळी ट्रॉली उभी व्हती, पंक्चर झालेली. बिराची मोपेड मागनं तिच्यावर गेली. ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर न्हाय. एवढीसुदीक न्हाय.

कुणी म्हणतंय वेगात व्हता. कुणी म्हणतंय डोळ्यावर झापड आली असंल. कुणी म्हणतंय काळ आला व्हता. मंडळी, काळबीळ काय आला नव्हता. ट्रॉली उभी व्हती.

ती ट्रॉली कुणाची, तुमाला ठाव हाय. तात्या, मान खाली घालू नका. तुमच्यावर बोट दाखवायला मी उभा न्हाय. तिच्यावरचं चित्र कुणाचं, तेबी ठाव हाय. पण एक गोष्ट तुमाला ठाव न्हाय. कमलवैनीला ठाव हाय, त्यांच्या पोरीला, सुनंदाला ठाव हाय, आन मला. ती सांगाया मी उभा राहिलोय.

बिराच्या घरी आज्याच्या काळात मेंढरं व्हती. बापानं मेंढरं इकली, दोन एकर घेतली. बिराच्या हातात मातुर कळा व्हती. साळंत असताना मास्तरांनी फळ्यावर काढलेला मोर पुसून त्यानं दुसरा काढला, आन मास्तरांनी त्याला मारायच्या ऐवजी हेडमास्तरांना बोलवून दाखवला. पण मोर काढून भाकरी मिळत न्हाय. बिरानं दुकानाच्या पाट्या रंगवल्या, देवळात देव रंगवलं, भिंतीवर खताच्या जाहिराती रंगवल्या. लोक म्हणायचे, कलाकार माणूस हाय, हौशी हाय. हौशी म्हटलं की पैसं द्यायचं काम न्हाय! च्या पाजायचा, पाठीवर थाप मारायची. बावड्यात एकानं समदं दुकान रंगवून घेतलं आन बोळवण केली पायलीभर ज्वारीवर. घरी कमलवैनी म्हणायच्या, "तुमच्या हाताला लई नाव हाय, पण चुलीला नाव चालत न्हाय."

एक दिवस हितंच, ह्याच शेडात, नव्या ट्रॉलीला लाल प्रायमर मारत बसला व्हता. रोजंदारीवर. मी म्हणलो, "बिरा, हौसेसाठी कुणी खिशात हात घालत न्हाय. ज्याला ट्रॉली घ्यायचीच हाय, त्याच्या ट्रॉलीवर तुझी हौस चिकटव."

म्हणला, "कुठं चिकटवू?"

म्या मागं हात केला. मागची लोखंडी पाटी, ज्याला आपण फाळका म्हणतो, तो दाखवला. "हा तुझा. समदा तुझा."

मंडळी, ही अक्कल माझी. तवा लई शानपणाची वाटली.

त्यानं पयलं चित्र काढलं ते आज्याकडनं ऐकलेलं. सांजची वेळ, वर जांभळं-करडं आभाळ, खाली धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूला लिंबाची झाडं, आन लांबवर मेंढरं घेऊन चाललेला माणूस, पाठमोरा. ते वाळायच्या आत दोघांनी विचारलं, आमच्या ट्रॉलीवर हेच पायजे. त्या हंगामात आठ झाली, पुढच्याला तीस. लोक बारामतीवरनं यायला लागली. सोलापूरकडनं ट्रॉल्यांची एक जोडी आली. समद्यांना सांजच पायजे.

आन त्यातली खरी गंमत बिरानंच ओळखली. उसाच्या पाचटानं आन धुळीनं चित्र घासलं जातं. मला म्हणला, "मिस्त्री, दर साली रंग उडतो, दर साली मला काम." जन्मात पयल्यांदा त्याला पुढल्या वर्षाची काळजी नव्हती. दसऱ्याच्या आधी महिनाभर हितं रांग लागायची. पत्रा जाऊन घरावर स्लॅब आला. सुनंदा बारामतीला कॉलेजात गेली. बिरा शर्टाला इस्त्री करून यायला लागला, आन मी चेष्टा करायचो, "पेंटर, रंग लागंल!" तो हसायचा. हसताना वरचा ओठ दातावर अडकायचा त्याचा. त्याला सुखात बघितलंय आपण. ते खोटं नव्हतं.

पण त्या पयल्याच वर्षी त्यानं मला एक गोष्ट कराया सांगितली, ती ऐका.

मी फाळक्यावर दोन लाल काचा बसवायचो. उजेड पडला की चमकत्यात, त्या. दोन भोकं, दोन बोल्ट, दोन काचा. गिऱ्हाईक आलं आन म्हणलं, "चित्र झ्याक हाय, पण आभाळात ही दोन लाल बटणं कशाला?" बिरालाबी ती खुपत व्हती. म्हणला, "मिस्त्री, एवढ्या काचा काढता येत्याल का?"

म्या काढल्या. निस्त्या काढल्या न्हाईत. भोकं वेल्डिंगनं बुजवली, ग्राइंडर मारला, वरनं बोट फिरवलं तर कळू नये अशी साफ केली. माझ्या कामाचा मला अभिमान. एकेका फाळक्यावर दोन भोकं. किती फाळकं झालं ते माझं मला सांगवत न्हाय.

जांभळं आभाळ, करडा रस्ता. आता तुमीच इचार करा. सांजच्या वक्ताला, खऱ्या रस्त्यावर, खऱ्या लिंबाच्या झाडात ती ट्रॉली उभी राहिली तर काय दिसंल?

पयल्यांदा एक सायकलवाला धडकला. कोपर खरचटलं. आमी म्हणलो, प्यालेला असंल. मग साळंतले एक मास्तर स्कूटरवरनं येताना अगदी जवळ आल्यावर वळले, खड्ड्यात गेले, पाय मोडला. दवाखान्यात मी भेटाया गेलो. मास्तर म्हणाले, "मिस्त्री, मला वाटलं रस्ता मोकळाच हाय."

आन आमी काय केलं? हसलो! मंडळी, आमी हसलो. च्याच्या टपरीवर, बाजारात, मी सोता हजार वेळा सांगितलं, "बिराचं चित्र इतकं खरं, मास्तर स्कूटर घेऊन आत शिराया निघाले!" तुमीबी सांगितलंय. त्या गोष्टीनं गिऱ्हाईक वाढलं. मोडलेला पाय बिराच्या कलेचं सर्टिफिकेट झाला.

एकटा बिरा हसला न्हाय.

मास्तरांचा पाय मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा. शर्टाला इस्त्री न्हाय, दाढी केलेली न्हाय. म्हणला, "मिस्त्री, काचा परत लावा."

मी म्हणलो, "गिऱ्हाईक घेणार न्हाय."

"मी सांगतो त्यांना."

त्यानं सांगितलं. हितं बसलेल्या चारजणांना तर सांगितलंच, मला तोंडं दिसत्यात. तुमी म्हणला, "मग आमी बारामतीच्या पेंटरकडं जातो, तो काचा मागत न्हाय." त्यानं भोवतीनं लाल पट्टा काढून दाखवला, तुमी म्हणला, लग्नाच्या पत्रिकेवाणी दिसतंय. दोन ट्रॉल्या खरंच निघून गेल्या. बिरा माझ्याकडं आला. मी काय म्हणलो सांगू? मी म्हणलो, "बिरा, पोरीची फी भरायची हाय ना? गाडी चालवणाऱ्यानं पुढं बघावं. तू तुझं पोटापाण्याचं बघ."

हे मी म्हणलो. माझ्या तोंडानं. त्यानं ब्रश उचलला आन आभाळ रंगवाया लागला.

तवापासनं त्याचं एक झालं. सांजच्याला तो रस्त्यावर थांबायचा. कमलवैनीला वाटायचं, कुणाशी बोलत बसला असंल. पुलाजवळ मोपेड लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचा, "सावकाश जावा, पुढं ट्रॉली हाय." लोक म्हणायचे, पेंटर जरा फिरलाय. मीबी म्हणलोय. आपल्याच चित्रांची राखण करत व्हता तो. आन आपण त्याला फिरलेला म्हणत व्हतो!

ह्या दसऱ्याच्या आधी माझ्याकडं आला. तोंडावर पयल्यावाणी हसू. म्हणला, "मिस्त्री, सापडलं. काच चित्राच्या आडवी येती ना? मग काचच चित्रात घेतो."

मला कळलं न्हाय.

म्हणला, "सांजच्याला आभाळात काय असतं? सूर्य. लाल. एक काच सूर्याच्या जागी. आन खाली मेंढरांपाशी धनगराचा जाळ असतो का न्हाय? दुसरी काच जाळाच्या जागी. गिऱ्हाईक सोता मागंल, मिस्त्री. म्हणंल, मला सूर्य चमकणारी सांज पायजे. धंदाबी ऱ्हाईल आन माणूसबी."

मंडळी, आयुष्यभर पोटासाठी कला वाकवलेला माणूस. त्यानं पयल्यांदा दोन्ही एकत्र उभं केलं व्हतं. ना काच काढायची, ना गिऱ्हाईक घालवायचं. मी कारागीर हाय, मला ते ऐकल्या-ऐकल्या कळायला पायजे व्हतं. मी म्हणलो, "झ्याक हाय रं, पण आता हंगाम तोंडावर हाय. भोकं पाडायची, काचा आणायच्या, लई खोळंबा. रांग उरकू दे. पुढच्या साली बघू."

पुढच्या साली.

तो न्हाय म्हणला न्हाय. पण घरी नमुना रंगवाया घेतला, लहान पत्र्यावर. सुनंदा सांगती, आठ दिवस बसला व्हता. त्या सांजला तो नमुना मोपेडला बांधून मलाच दाखवाया येत व्हता. भवानीनगरात दोघांना दाखवला, दोघांनी तिथंच ऑर्डर दिली. लई खुशीत निघाला, असं ते सांगत्यात. त्या दिवशी पुलाजवळ थांबला न्हाय. रोज दुसऱ्यांना हात करणारा माणूस, त्या दिवशी त्याला हात कराया कुणी नव्हतं.

पुढं तात्यांची ट्रॉली. जांभळं आभाळ. करडा रस्ता. दोन बुजवलेली भोकं.

फोटोच्या जागी खुर्चीवर तो नमुना ठेवलाय, बगा. कोपरा दुमडलाय. आभाळात एक गोल कोरा सोडलाय, खाली जाळाच्या जागी एक. काचा मी द्यायच्या व्हत्या.

आन माझ्या मागं तात्यांच्या ट्रॉलीचा वाकलेला फाळका उभा केलाय. तो मी सरळ करणार न्हाय. हितंच ऱ्हाईल.

आता ऐका. साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाय. बाहेर तुमच्या ट्रॉल्या उभ्या हायत. मघाशी मी मोजल्या, अकरा. अकराच्या अकरा फाळक्यांवर सांज. हितनं उठून तुमी उसाच्या फडावर जाणार, आन रस्त्यात अंधार पडणार. आबा, तुमचा नातू बारामतीवरनं मोटारसायकलनं ह्याच रस्त्यानं येतो ना? आज कितीला येणार हाय तो? सांगू नका, मला नुसतं इचारायचं व्हतं.

त्या पोत्यात काचा हायत. परवा पुण्याला जाऊन आणल्या. ड्रिल जोडून ठेवलंय, लाइट साडेपाचला जाती, त्याच्या आत अकरा फाळकं होत्यात. गेली तर हातानं पाडीन. पैशाचं कुणी काढू नका, काढलं तर भांडण हुईल. भोकं मी बुजवली, मीच पाडणार. पयली काच कमलवैनी लावत्याल, दुसरी सुनंदा. कुठं लावायची ते बिरानं दाखवून ठेवलंय. आन ज्याला चित्र बिघडल्यावाणी वाटंल, त्यानं ह्या वाकलेल्या फाळक्याम्होरं उभं राहून मला तसं सांगावं.

पुढचं रंगकाम कोण करणार म्हणून तिघांनी सकाळपास्नं सुनंदाला इचारलंय. तिला आज सोडा. ती करंल न करंल. केलं तर तिला हौशी म्हणू नका, तिचं दाम हातावर ठेवा, आन ती काच लाव म्हणली तर मुकाट्यानं लावा.

सूर्य चिंचेला टेकला.

बिरा, मी तुला पुढच्या साली म्हणलो. चुकलो रं. लई चुकलो.

मंडळी, उठा. इंजनं बंद ऱ्हाऊ द्या. दोन मिनिटं गप उभं राहू, पण डोळं मिटू नका. तोंड रस्त्याकडं करा. गाडी आली तर तिचा आवाज ऐका, ती आपल्या ट्रॉल्यांच्या मागनं सुखरूप पुढं जाईस्तवर ऐका. मग ड्रिल सुरू करतो.