वरची पट्टी

भावजी : थांबा, थांबा वहिनी! रेकॉर्डिंगची रेघ परत लाल झाली. आवाज फाटतोय.

वहिनी : आता काय झालं? माइकपासून वीतभर लांब बसलेय. भिंतीला कापडाचे तागे रचले, पंखा बंद केला. घामाघूम झालेय मी!

भावजी : खोली झकास आहे. आवाज अजिबात घुमत नाही. तुम्ही ओरडताय.

वहिनी : मी कुठे ओरडतेय?

भावजी : हे काय, आत्ताही!

वहिनी : मग राहू दे भावजी. पॉडकास्टच्या मागच्या भागाखाली एकीने लिहिलंय, ‘मावशी, सुई ओवता आली नाही तर मारणार का?’ ऐकणारी चार टाळकी, त्यातली दोन पळाली. मला वाटलं होतं, माझी शिलाई चार घरांत पोचेल. आता लाज वाटते हो. बंदच करते.

भावजी : एकदाच करून बघा. माइकशी बोलू नका, माणसाशी बोला. समजा, समोर दादा बसलाय.

वहिनी : तुमचा दादा? मग भोंगाच आणा! कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून कपाटात टाकलंय. त्यांच्याशी बोलून बोलूनच तर हा घसा असा झालाय.

भावजी : आणि त्याचे कान चांगले होते तेव्हा?

वहिनी : तेव्हा काय... हे काजं करायचे, मी बटणं लावायचे. सासूबाई पलीकडे झोपलेल्या, म्हणून कुजबुजायचो.

भावजी : तसंच सांगा. चालू केलंय.

वहिनी : (कुजबुजत) हे बघ, बटण लावताना दोरा करकचून ओढायचा नाही. बटणावर एक काडी आडवी ठेव, टाके तिच्यावरून घे. मग काडी काढ. बटणाला थोडी ढील मिळते. घाई नको. चुकलं तर उसवू, त्यात काय.

भावजी : वहिनी! एकदाही लाल झाली नाही!

दादा : अगं, मोठी कात्री कुठे ठेवलीस? आणि दार का लावलंय?

भावजी : दादा, बस इथे. हे हेडफोन लाव.

दादा : काय?

भावजी : हेडफोन! कानाला! आत्ताचं रेकॉर्डिंग लावतो, आवाज वाढवून.

दादा : कोण बाई आहे ही? छान सांगते... अरे. अरे, ही तर... परत लाव.

वहिनी : काय म्हणतात? बिघडलंय का?

भावजी : काही बिघडलं नाही. दादा, काढू नकोस. वहिनी, माइक चालूच आहे, आवाज थेट त्याच्या कानात जातोय. बोला काहीतरी. अगदी हळू.

वहिनी : इश्श, आता काय बोलू? अहो... भाजी कसली करू?

दादा : कुठलीही कर. पण अजून एकदा विचार.