कोपऱ्यावरच्या घराची फुलं

यजमान गेल्यापासून कुवाबाराबाईंचा गुडघा जास्तच धरला होता. आज हाडांच्या दवाखान्यात त्या नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारी दोघी अनोळखी बायका एकाच फोनमध्ये डोकं घालून बोलत होत्या.

“हिबिनोबाई, कालव्याच्या कोपऱ्यावरचं घर बघितलंत? हायड्रेंजिया पार वाळलाय.”

“बघितलं ना! त्या फुलांच्या फोटोसाठी मी रोज सकाळी वाट वाकडी करून जाते. लोकांना दुसऱ्याचा विचारच नाही.”

“तिथले आजोबा हिवाळ्यात वारले म्हणे.”

“अगं बाई! पण झाडांची काही सोय लावून जायचं की नाही माणसानं?”

“बायको आहे ना मागे.”

“मग तिला काय झालं पाणी घालायला? गेल्या वर्षी आपल्या फोटो मंडळाच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला माझा. यंदा काय तोंड दाखवू?”

“तो फोटो मात्र सुरेख होता हं.”

“घाम निघाला माझा! म्हातारा झारी घेऊन सारखा मधे. ‘या, आत येऊन काढा’ म्हणायचा, पण स्वतः हलेल तर शपथ! शेवटी कापलाच मी त्याला फोटोतून.”

आतून कुवाबाराबाईंना हाक आली. त्या उठल्या आणि त्या दोघींपुढे वाकल्या.

“माफ करा हं. तो न कापलेला फोटो आहे का तुमच्याजवळ?”

“आहे की. पण त्यात निम्मी फुलं झाकली गेलीत हो.”

“असू दे. फुलं काय, पाणी घातलं की पुढच्या वर्षी येतील.”