बेंबीखालचा शेक

जनी : हलू नको गं. उजेडाकडं वळ जरा. हे बघ, दोरा हाय हा. जांभळा दोरा.

हर्षला : ओढू नको, आये.

जनी : ओढत नाय. कातरीनं नुसतं टोक कापते.

हर्षला : कातर ठेव आधी खाली. टाके आतल्या आत विरघळणारे आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय तसं.

जनी : अडतीस दिवस झाले. किती इरघळतील? आन हे पाणी कसलं येतंय? सकाळी पोटाचा पट्टा सोडला तर फडक्याला पिवळा डाग.

हर्षला : थोडं येतंच.

जनी : मागल्या बुधवारी पण थोडं येतंच म्हणालीस आन दवाखान्यात गेली नायस. त्याच्या मागल्या बुधवारी म्हणालीस, पाऊस हाय. पाऊस कुठं होता? पनवेलचा डॉक्टर बुधवारीच येतो ना खालापूरला? मी मंगळ्याला रिक्षा घेऊन यायला सांगितलंय.

हर्षला : मला न विचारता?

जनी : विचारलं असतं तर पुढच्या बुधवारी गेलो असतो. खरं सांग, तुला बरं व्हायचं नाय का?

हर्षला : व्हायचंय गं. पण बरी झाले की जायचं शेलूला, सासरी.

जनी : जायचंच की. पंधरा दिवसांसाठी आली होतीस.

हर्षला : तुला नको झालेय का मी?

जनी : असं बोललीस तर फडकं फेकून मारीन. नको झालेय म्हणे. अकरा वर्षांनी लेक घरात निजली, तिला मी नको म्हणंन?

हर्षला : मग राहू दे ना. तिकडं तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही मला. सासूबाई म्हणाल्याच ना हरेशला, तुझ्या बायकोनं हौसेनं पोट कापून घेतलंय, आता हौसेनं निस्तर म्हणावं. वाईट नाहीत त्या. पण त्यांना वाटतं, मी नटायला गेले.

जनी : मला पण आधी तसंच वाटलं. आता रागावू नको. चांगलं धडधाकट पोट, म्हटलं, कशाला कापलं?

हर्षला : धडधाकट कुठं होतं? जुळ्यांनी आतले स्नायू फाकले होते. सगळं लोंबत होतं. ते कातडं काढून स्नायू शिवले. एसटीत चढले की कुणीतरी उठून जागा द्यायचं आणि विचारायचं, कितवा महिना. दहा वर्षं, आये. शेवटी शेवटी मी सातवा म्हणून सांगायचे आणि बसायचे.

जनी : हसवू नको, टाके तुझे ताणतील. मी पण फसली होती की.

हर्षला : कधी?

जनी : तुझ्या बापाच्या दहाव्याला आलीस ना, रजिस्टर लग्न केल्यापासनं पयल्यांदा. दारातनं तुझं पोट दिसलं. मला वाटलं, पोरीला दिवस गेलेत. बाहेर बायका रडत होत्या आन मी मनात डिंक कुठला आणायचा ते ठरवत होती. अळीव, खसखस, सगळं. लाज वाटली मला. नवरा जाऊन दहा दिवस झालेले. पण खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता.

हर्षला : तू कधी बोलली नाहीस हे.

जनी : काय बोलायचं? तुला जुळ्या झाल्या ते मला मासळीवाल्या कोंडीनं सांगितलं. दारात पाटी टेकवली आन म्हणाली, आजी झालीस की गं, दोन दोन. मला ठावंच नाय. त्या दिवशी तुझा बापूस जेवायला बसला, तवा म्हटलं, जाऊन येते सव्वा महिना. त्यानं ताटातच हात धुतला. दोन दिवस अन्नाला शिवला नाय. मी घाबरली, हर्षे. मला जायला पायजे होतं. तिसऱ्या दिवशी जेवला असता तो. भूक कुणाला सुटलीय?

हर्षला : मी वाट बघायचे.

जनी : ठावं हाय मला. म्हणून तर आता आलीस ना अशी वाकून, पोट धरून, एक एक पाय टाकत, तवा माझं डोकंच चालंना. बाळंतीण अशीच येते घरात. मी सरळ बाज टाकली, शेगडी काढली.

हर्षला : मला आवडलं ते.

जनी : एक विचारू? ते कापलेलं कातडं काय केलं त्यांनी?

हर्षला : टाकलं असेल. जाळतात म्हणे.

जनी : मागून घ्यायचं होतंस.

हर्षला : आये, काहीतरीच काय.

जनी : काहीतरी काय त्याच्यात? दोघी त्याच्यात वाढल्या. आमी बाळाची वार घरामागं पुरतो. तुझी गोठ्यामागं चिंचेखाली हाय, अजून जागा दाखवीन. आरोही-सुरभीचं माझ्या अंगणात कायबी नाय. एवढंसं तरी आलं असतं. असू दे. पट्टा बांध. रिक्षा आली बघ.

(खालापूरचा दवाखाना, त्याच दिवशी दुपारी. डॉक्टर तपासून गेले आहेत. सोनाली सिस्टर जखम पुसते आहे.)

सोनाली : हा बघा तुमचा टाका. एवढासा होता. कधी कधी शरीराला तो नको असतो, मग ते बाहेर ढकलतं. त्याची भीती सोडा. मला ही बाजूची जागा आवडली नाही. हे भाजलंय.

हर्षला : पट्टा घासला असेल.

सोनाली : डॉक्टरांनाही तुम्ही पट्टाच सांगितलात. ताई, बारा वर्षं ड्रेसिंग करतेय मी. पट्ट्यानं सालटं निघतं, असा गोल डाग पडत नाही. शेक घेतलात ना?

हर्षला : हो. मीच. कंबर दुखत होती, गरम पाण्याची पिशवी घेतली.

जनी : खोटं बोलते ती. शेक मी दिला.

हर्षला : आये, गप बस ना.

जनी : कशाला गप? शेगडीत निखारे, वर ओवा, त्याच्यावर फडकं तापवायचं आन पोटाला लावायचं. बाळंतिणीला देतात तसं. घरी आली तवापासनं देत होती, दोन्ही वेळ. फोड दिसला तवा बंद केला. तेल लावलं वरनं.

सोनाली : तेलही? आजी, ऑपरेशनमध्ये बेंबीखालची कातडी सोडवून, ओढून पुन्हा शिवलेली असते. ती बधिर होते. महिनोन्‌महिने तिथं गरम-गार कळत नाही. निखारा ठेवलात तरी ती ओरडणार नाही.

जनी : मी विचारायची ना तिला. रोज विचारायची, जास्त होतंय का गं? ती म्हणायची, अजून दे.

सोनाली : ताई, मी तुम्हाला कागद दिला होता. शेक घ्यायचा नाही, म्हणून लिहिलं होतं त्यावर. मी स्वतः खाली रेघ मारली होती.

हर्षला : वाचला होता मी.

सोनाली : मग?

हर्षला : आई शेकत होती.

सोनाली : अहो, पण तुम्हाला माहीत होतं ना?

हर्षला : माहीत होतं. तुम्हाला कसं सांगू, सिस्टर. मला जुळ्या झाल्या तेव्हा सासूबाईंनी सगळं केलं. शेक दिला, लाडू केले, नावं ठेवायला जागा नाही. पण दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, माझ्याच वयाची. तिची आई तिच्यावर सारखी ओरडायची. असं पाजू नको, तशी बसू नको, कानाला बांध. ती वैतागायची आणि मी भिंतीकडं तोंड करून ऐकत राहायचे. मला तेवढंच पाहिजे होतं. दहा वर्षांनी मिळालं, आणि मिळालं तेव्हा पोटाला काही कळतच नव्हतं. फडकं गरम की गार, आईचा हात फिरतोय की नाही, सगळं डोळ्यांनी बघून समजायचं. म्हणून म्हणायचे, अजून दे. वाटायचं, आता कळेल.

जनी : मला सांगायचं होतंस, कळत नाय म्हणून.

हर्षला : सांगितलं असतं तर तू थांबली असतीस.

जनी : थांबली असती. मग बसली असती नुसती बाजूला. त्याला काय झालं असतं?

सोनाली : रडू नका, पोट ताणतंय. खोल गेलेलं नाही, हे नशीब. तीन-चार आठवडे रोज ड्रेसिंग केलं की भरेल. शेलूला घराजवळ दवाखाना आहे ना? मुलीही तिथंच आहेत. उद्यापासून तिकडं करून घ्या.

हर्षला : सव्वा महिना व्हायला दोनच दिवस राहिलेत. तेवढे होऊ दे.

सोनाली : ताई, हे बाळंतपण नाही.

हर्षला : माहिताय मला.

जनी : मला पण माहिताय. सिस्टर, हिला उद्याच जाऊ दे घरी.

हर्षला : मला एवढ्यात नाही जायचं, आये.

जनी : ऐक माझं. सुरभी रोज फोन करते, तू अंघोळीला गेलीस की. काल म्हणाली, आजी, आईला पाठव ना, बाबा वेणी घट्ट घालतात. मी काय म्हटलं तिला? अजून ओलं हाय, बाळा. ओलं कुणी केलं होतं? मीच. आन मला बरंच वाटत होतं, ओलं हाय तर. लेक माझ्याकडं हाय. असं म्हणत म्हणत मी तुझ्या पोरींची आय घरात धरून ठेवली. आय नसली की काय होतं ते तुला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

हर्षला : मी गेले की तू पुन्हा एकटी. आणि मी पुन्हा कधी येणार अशी, नुसती पडून राहायला?

जनी : सिस्टर, ती पट्टी कशी करायची ते मला शिकवाल?

सोनाली : तुम्हाला?

जनी : पोर वाढवली, गुरांच्या जखमा धुतल्या. शिकवलं तर येईल. हिच्याबरोबर मीच जाते शेलूला. जखम भरंपर्यंत राहते.

हर्षला : तू येशील? तिसरा मजला आहे.

जनी : जिन्याचं काय घेऊन बसलीस? अकरा वर्षं तळमजल्यावरच होती मी, तवा कुठं आली? तुझ्या सासूला फोन कर. म्हणावं, आय येतेय, भाकऱ्या ती भाजंल. आन काय बोलायचं ते मला बोला म्हणावं, मी ऐकून घेईन. माझं पण ऐकायचं राहिलंय.

हर्षला : मुली तुला सोडायच्या नाहीत मग.

जनी : नको सोडू देत.

सोनाली : बरं, इकडं या आजी. आधी साबणानं हात धुवा, कोपरापर्यंत. हां. हातमोजे मी देते बरोबर. ह्या बाटलीतल्या पाण्यानं पुसायचं, ही जाळी ठेवायची, वर पट्टी. बस. तेल नाही, हळद नाही, शेक तर अजिबात नाही.

जनी : नाय. नुसता हात ठेवला तर चालंल का?

सोनाली : जखमेपाशी नको. बेंबीच्या वर ठेवा, तिथं कातडी चांगली आहे.

जनी : हितं? कळतंय का गं काय?

हर्षला : कळतंय, आये. गार आहे तुझा हात.